पनवेल-उरण परिसरातील भाताचे वर्गीकरण : उंची, दाणा व जमीन

आज नवी मुंबई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात भाताचे जे जुने वर्गीकरण रूढ होते, त्यात रोपाच्या उंचीला वा दाण्याच्या आकाराला पहिले स्थान नव्हते. हळवे, निमगरवे व गरवे हे त्याचे तीन वर्ग होत. साधारणतः 120 दिवसांच्या आत तयार होणारे भात हळवे, 135 दिवसांपर्यंतचे निमगरवे आणि त्याहून उशिराचे गरवे. ही केवळ दिवसांची गणना नव्हे. पाणी लवकर ओसरणाऱ्या उंच खाचरात हळवे आणि ओल टिकणाऱ्या सखल खाचरात गरवे लावीत असल्यामुळे, भाताचा वर्ग सांगितला की जमिनीची प्रतही कळत असे.

मोजपट्टीला महत्त्व आले ते 1960 नंतर. जुनी उंच भाते खत मिळताच लोळत; 1966 मध्ये फिलिपाइन्समधून प्रसृत झालेल्या आय. आर. 8 या बुटक्या वाणाने तो दोष टाळला. त्याच दशकात रामय्या समितीने दाण्याचे पाच वर्ग ठरविले. लांबी 6 मिलिमीटर वा अधिक आणि रुंदीच्या किमान तिप्पट असेल तो तांदूळ लांब बारीक. लांबी 6 मिलिमीटरहून कमी आणि रुंदीच्या अडीच पटीहूनही कमी असेल तो आखूड जाड. व्यापाराच्या दृष्टीने ही सोय निःसंशय मोठी होती.

खाडीकाठच्या खारजमिनीत मात्र दोन्ही मापे अपुरी पडतात. तेथे पाणी तुंबले की बुटके रोप बुडते. उंच रोप तग धरते. तेथील काळा राता व भुरा राता ही लाल तांदळाची भाते दाण्याच्या कोष्टकात जाड म्हणून खालच्या पंक्तीत बसतात, परंतु खारेपणा सोसण्याचा त्यांचा मुख्य गुण कोणत्याच रकान्यात येत नाही. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पुढे भुरा राता 4-10 आणि आय. आर. 8 यांच्या संकरातून ‘पनवेल 1’ निर्माण केला, तो याच गुणासाठी.

दरम्यान जमिनीचेच वर्गीकरण बदलले. मार्च 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली व ठाणे, पनवेल, उरण भागांतील गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित होऊ लागल्या. मोबदल्याच्या प्रश्नावर जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात झालेल्या आंदोलनात गोळीबाराने पाच जण मृत्युमुखी पडले. पुढे अनेक सखल खाचरांवर भराव पडला आणि हळव्या-गरव्याची जागा ठरविणारा चढ-उतार तेथे उरला नाही.