चुंबकसूचीपासून हिऱ्यापर्यंत

गोदावरीच्या उत्तरेस वसलेले निर्मल हे गाव आज लाकडी खेळण्यांसाठी व चित्रकामासाठी ओळखले जाते. २०१६ सालापर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात मोडणाऱ्या या गावाची जुनी कीर्ती मात्र लोखंडाची होती. या भागातील खडकांत चुंबकीय लोहखनिजाचे बारीक कण विखुरलेले आहेत. ते वेगळे करून कोळशाच्या भट्टीत लोखंड गाळीत. गोदावरीपलीकडे कोनासमुद्रम् येथे लोखंडापासून मुशीत पोलाद होत असे, आणि ते नेण्यासाठी इराणातील व्यापारी तेथवर येत. हेन्री व्हॉइसी या भूशास्त्रज्ञाने हा धंदा प्रत्यक्ष पाहून लिहिलेले वर्णन त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ साली, प्रसिद्ध झाले.

अशा खनिजाच्या साठ्याजवळ होकायंत्र नेले, तर त्याची सूची उत्तर दिशा सोडून भलतीकडे वळते. खनिज शोधणाऱ्यास हा गुण उपकारक होय; परंतु पृथ्वीचे स्वतःचे चुंबकत्व मोजू पाहणाऱ्यास तोच वैरी ठरतो. जवळचा उपद्रव प्रबळ झाला, की दूरचे सूक्ष्म सत्य झाकले जाते. चुंबकमापनाचा इतिहास हा पुष्कळ अंशी असा उपद्रव दूर सारण्याचा इतिहास आहे, आणि त्याचे एक संस्मरणीय प्रकरण मुंबईत घडले.

कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय वेध घेतले जात होते. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार हे निश्चित झाले, तेव्हा या वेधांवर संकट ओढवले. रुळांतून जमिनीत पसरणाऱ्या विद्युत्प्रवाहाने सूची थरथरली असती, आणि साठ वर्षांची परंपरा निरुपयोगी आकड्यांत संपली असती. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी शहराशी भांडण न मांडता वेधांसाठी नवी जागा शोधली. १९०४ साली अलिबाग येथे, चुंबकत्व नसलेल्या पोरबंदरी दगडाच्या इमारतीत, वेध सुरू झाले. सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप करण्यात आले. जुन्या व नव्या आकड्यांचा सांधा त्यामुळे निर्दोष जुळला. ट्राम १९०७ साली धावली. पण पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद खंडित झाली नाही.

अलीकडच्या काळात या शास्त्रास हिऱ्याचे साहाय्य लाभले आहे. गोवळकोंड्याच्या बाजारात हिरा जितका निष्कलंक तितका तो मोलाचा मानीत. प्रयोगशाळेतील हिऱ्याचे मोल मात्र त्याच्या दोषात आहे. कार्बनच्या घट्ट रचनेत एखादा नायट्रोजनचा अणू शिरलेला आणि त्याच्या शेजारची एक जागा रिकामी राहिलेली, असा तो दोष होय. त्यावर हिरवा लेसर टाकला असता तांबडा प्रकाश निघतो. सेकंदास सुमारे २ अब्ज ८७ कोटी आवर्तनांची मायक्रोवेव्ह लहर सोडली, की हा प्रकाश मंदावतो. चुंबकीय क्षेत्रात या एका आवर्तनसंख्येच्या दोन होतात, आणि त्यांच्यातील अंतरावरून क्षेत्राचे माप कळते. २००८ साली अमेरिकेतील व जर्मनीतील संशोधकांनी ही रीत प्रयोगाने दाखवून दिली.

तथापि येथे जुनाच उपद्रव नव्या वेषात उभा राहतो, आणि या खेपेस तो यंत्राच्या आतच असतो. मायक्रोवेव्हची शक्ती वाढविली, की हिरा तापतो. एका नॅनोटेस्लाच्या क्षेत्राने आवर्तनसंख्या केवळ २८ ने सरकते. तर तापमान एका अंशाने वाढले, की ती सुमारे ७४ हजारांनी घसरते. म्हणजे एका अंशाची उष्णता अडीच हजार नॅनोटेस्लांहून मोठ्या क्षेत्राचे सोंग घेऊ शकते. दोन्ही आवर्तनसंख्यांमधील अंतर मोजल्यास ही फसगत बरीचशी टळते. परंतु अतिरिक्त शक्तीने प्रकाशातील खळगा रुंदावतो आणि मापाची धार बोथट होते, हे दुसरे दुखणे उरतेच. मानवी हृदयाचे चुंबकत्व एका नॅनोटेस्लाच्या दशांशाहूनही कमी असते. ते मोजावयाचे, तर उपकरण देहाजवळच न्यावे लागते, आणि तेथे ऊष्मा व जड वीजयंत्रे दोन्ही नकोशी होतात.

म्हणून कमी शक्तीत काम भागविण्याचे मार्ग शोधले जात आहेत. लहर सर्वत्र उधळण्याऐवजी सुयोग्य आकाराच्या कड्याने ती हिऱ्यापाशी एकवटतात. हिरा अधिक शुद्ध कार्बनचा घडवून खळगा मुळातच अरुंद करतात. मग थोडी शक्तीही पुरते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर १०२.४ मिलिटेस्लाच्या बाह्य क्षेत्रात हिरा ठेवून मायक्रोवेव्हशिवायच मापन साधण्यात आले. अर्थात ते बलवान क्षेत्र स्थिर राखण्याची नवी जबाबदारी अंगावर आली.

भारतात राष्ट्रीय क्वांटम मिशनला १९ एप्रिल २०२३ रोजी मंजुरी मिळाली, आणि त्यातील संवेदन व मापन या शाखेचे केंद्र पवई येथील आयआयटी मुंबईकडे आले. तेथे हिऱ्याच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनिक चिपमधील प्रवाह पाहण्याचे काम चालते. अलिबागला शांत जागा शोधून प्रश्न सुटला होता. पण जो उपद्रव मापकाच्या स्वतःच्या यंत्रातून उत्पन्न होतो, त्याला टाळण्यासाठी दुसरीकडे जाता येत नाही. तेथे आपल्याच यंत्राचा आवाज कमी करण्यावाचून गत्यंतर नसते.