मुस्लिम सत्यशोधक मंडळ
मुस्लिम समाजात विवेकनिष्ठ व धर्मनिरपेक्ष मूल्ये रुजविण्यासाठी स्थापन झालेली महाराष्ट्रातील एक संस्था. हमीद दलवाई (१९३२–७७) यांनी २२ मार्च १९७० रोजी पुणे येथे ती स्थापिली. तत्पूर्वी १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांच्या पुढाकाराने ७ मुस्लिम स्त्रियांनी मुंबईच्या तत्कालीन विधानभवनावर मोर्चा नेऊन तोंडी तलाक व बहुपत्नीकत्व यांवर बंदीची मागणी केली होती. श्रद्धा ही व्यक्तीची खाजगी बाब असून नागरी हक्क मात्र सर्व स्त्रीपुरुषांना समान असावेत, ही मंडळाची भूमिका होय. तिला समाजातून तीव्र विरोध झाला. दलवाईंनी आपली मूल्ये अखेरपर्यंत आचरिली. त्यांच्या इच्छेनुसार मुंबईत धार्मिक विधींविना त्यांचे दहन करण्यात आले. मोर्चानंतर ५१ वर्षांनी, २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तोंडी तलाक रद्दबातल ठरविला.