येलदरी, औंढा, नर्सी : दोन दिवसांचा हिंगोली दौरा

मराठवाड्यात फिरायला म्हणून फारसं कोणी जात नाही. वेरूळ-अजिंठा सोडलं तर आमच्या ऑफिसातल्या लोकांना मराठवाडा म्हणजे एकच शब्द माहीत : दुष्काळ. कॉलेजातला माझा रूममेट मूळचा हिंगोलीकडचा. "तुझ्या गावाकडे एक चक्कर मारू," म्हटल्यावर तोच म्हणाला, "काय ठेवलंय तिथं?" तरी एका शनिवारी सकाळी परभणीहून त्याच्या जुन्या गाडीतून निघालोच.

जिंतूर मागे टाकून येलदरीला पोचलो. पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे गोदावरीला मिळते. तिच्यावरचं हे मोठं धरण परभणी जिल्ह्यात येतं. थोडं खाली सिद्धेश्वर धरण आहे, ते हिंगोलीत. दोन्ही १९६८ सालची. सिस्टीम डिझाइन म्हणून बघितलं तर छान आहे : वरच्या धरणात पाणी साठवायचं, सोडताना साडेबावीस मेगावॅटच्या केंद्रात वीज करायची आणि तेच पाणी खालच्या धरणात अडवून कालव्यांत घालायचं. एकाच पाण्यात दोन कामं. मी हे कौतुकाने सांगत होतो. मित्र गप्प. मग हळूच म्हणाला, "आमच्या आज्याचं रान ह्याच पाण्याखाली हाय." कालवा त्यांच्या नव्या गावाला कधी पोचलाच नाही. बॅकवॉटरचे फोटो मी काढले, त्याने नाही काढले.

दुपारी औंढा नागनाथ. बारा ज्योतिर्लिंगांतलं नागेश म्हणजे औंढ्याचं, द्वारकेजवळचं की अल्मोड्याजवळचं जागेश्वर, हा वाद फार जुना आहे. स्तोत्रातल्या 'दारुकावन' या एका शब्दाचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या नकाशावर लावला, एवढंच. मला तो वाद सोडवायचा नाही. देवळाचा खालचा भाग यादवकाळातला, काळ्या दगडाचा, कोनाकोनांत दुमडलेल्या भिंतींचा, हत्तींच्या रांगा कोरलेला. वरचा भाग मात्र नंतरचा, विटा-चुन्याचा. जोड इतका स्पष्ट दिसतो की लपवायचा कुणी प्रयत्नच केलेला नाही. जुन्या कोडवर नवीन टीमने काम केलं की असंच दिसतं :) लिंग तळघरात आहे. अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरायचं, आत मोजकीच माणसं मावतात, प्रचंड उकडतं.

पण औंढ्याची खरी गोष्ट नंदीची. नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे. नामदेव कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी त्यांना समोरून उठवून मागे पाठवलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं, नंदी होता तिथेच राहिला, अशी आख्यायिका. जातीने शिंपी असलेल्या माणसाला देवासमोर गायची बंदी, हा त्यातला ऐवज आहे आणि लोकांनी तो शतकानुशतके जपून ठेवला. नामदेवांना गुरू विसोबा खेचर भेटले तेही इथेच म्हणतात, पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. "जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव," हा त्यांचा सवाल. एकाच देवळाच्या आवारात व्यवस्थेला दोन एवढे मोठे धक्के!

औंढ्याजवळ दुधाळा शिवारात 'लायगो-इंडिया'ची जागा आहे. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी गुरुत्वीय लहर पहिल्यांदा पकडली. दोन्हींमध्ये सुमारे ३००० किमी अंतर, लहर पोचण्यात सात मिलिसेकंदांचा फरक. चार-चार किमीच्या दोन भुजा आणि मोजायचा बदल प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी. लहर आकाशातून कुठून आली हे नेमकं सांगायला लांबवर आणखी वेधशाळा हव्यात, म्हणून भारत. केंद्र सरकारने तत्त्वतः मान्यता २०१६ मध्ये दिली, सुमारे २६०० कोटींची मंजुरी २०२३ मध्ये. हिंगोली का? तर ही शांत जागा. समुद्र लांब, मोठी शहरं लांब, रेल्वे-कारखान्यांची धडधड कमी. ज्या कारणासाठी आम्ही ह्या जिल्ह्याला मागास म्हणत आलो, तेच क्वालिफिकेशन ठरलं! गंमत अशी, की मार्च आणि जुलै २०२४ मध्ये ह्याच जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेचे लोक जमिनीतल्या गूढ आवाजाबद्दल कित्येक वर्षं सांगत आलेत.

मी रंगात येऊन बोलत होतो. मित्राने विचारलं, "इथल्या पोरांना काय मिळंल त्यातून? वॉचमनची नोकरी?" धरणावरून आलेल्या माणसाचा प्रश्न होता तो. माझ्याकडे उत्तर नव्हतं. जिल्ह्यातल्या शाळांमधून भौतिकशास्त्राचे किती शिक्षक आहेत, हे आधी बघायला हवं, असं तोच पुढे म्हणाला.

रात्री हिंगोलीत मुक्काम. १९०३ पर्यंत इथे निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. परभणीतून वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ ला. बाकी गावात हळदीचा बाजार जोरात. असो.

रविवारी नर्सी, कयाधू नदीच्या काठी. नामदेवांचा जन्म (परंपरेने १२७०) इथला की पंढरपूरचा, ह्यावरही अभ्यासकांत एकमत नाही. पण नर्सीला येणाऱ्यांत पगडीवाले शीख भाविकही असतात. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, आणि त्याच ग्रंथाला गुरुपद दिलं गेलं ते शेजारच्या नांदेडात, १७०८ मध्ये. पंजाबात घुमानला नामदेवांनी बराच काळ काढला असं मानतात. २०१५ चं मराठी साहित्य संमेलन तिथेच झालं.

देवळाबाहेर पंजाबच्या नंबराची एक बस उभी होती. मित्र तिच्या ड्रायव्हरशी मोडक्या हिंदीत बराच वेळ बोलत बसला. त्याला गुरुद्वाऱ्याचा रस्ता विचारायचा होता, आणि ह्याला घुमानला जायला किती दिवस लागतात ते.