कमासी भाषेचा अस्त

भाषेच्या लोपाची नोंद इतिहासकार बहुधा एका सनाने करतात. दक्षिण सायबेरियातील कमासी भाषेपुढे १९८९ हा सन लिहिला जातो. कारण ती बोलू शकणारी अखेरची व्यक्ती, क्लावदिया प्लोत्निकोव्हा, त्या वर्षी निवर्तली. परंतु परस्परसंभाषणाचे साधन या अर्थाने ही भाषा त्याच्या कितीतरी आधी संपली होती, आणि अभ्यासकांच्या लेखी तर तिचा अंत त्याहूनही पूर्वी झालेला होता. या तीन घटना एकच मानल्यामुळे कमासीच्या अभ्यासाची जी हानी झाली, ती भाषेच्या इतिहासकाराने विचारात घेण्याजोगी आहे.

कमासी ही उरालिक भाषाकुलाच्या सामोयेदी शाखेतील भाषा होय. नेनेत्स, न्गानासान इत्यादी भगिनीभाषा दूर उत्तरेकडील हिमप्रदेशात पसरलेल्या आहेत. कमासी मात्र पूर्व सायान पर्वताच्या उतारावर, कान आणि माना या नद्यांच्या परिसरात बोलली जाई. मासा या अर्थाचा कमासी शब्द ‘कोला’ फिन्निशमधील ‘काला’ आणि हंगेरियनमधील ‘हाल’ यांच्याशी जुळतो. दोन या संख्येचा वाचक ‘शिदे’ हा शब्दही मुळात क-काराने आरंभ होणाऱ्या शब्दापासून आलेला आहे. अशा दाखल्यांवरून या लहानशा समाजाच्या बोलीचे नाते बाल्टिक समुद्रापर्यंत जोडता येते.

कमासी लोक मूळचे शिकारी आणि रेनडियर पाळणारे. त्यांच्या भोवती तुर्की भाषा बोलणाऱ्या जमातींची वस्ती होती. कमासीशी अतिनिकटचा संबंध असलेली कोयबाल बोली बोलणारे लोक तुर्की भाषेत पूर्णपणे मिसळून गेले. कमासी लोकांपैकीही अनेकांनी प्रथम तुर्की आणि पुढे रशियन भाषा स्वीकारली. ‘सर्व’ या अर्थाचा तुर्की ‘बार’ हा शब्द कमासी वाक्यांत मूळ अर्थ बाजूस ठेवून निपाताप्रमाणे पदोपदी येतो. त्यावरून हा संपर्क किती खोलवर पोचला होता याची कल्पना यावी. शेवटी जे थोडे भाषिक उरले ते आबालाकोव्हो या खेड्यात स्थिरावले.

शेजारच्या मातोर या सामोयेदी भाषेची स्थिती याहून बिकट झाली. अठराव्या शतकातील प्रवाशांनी आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्पास्की याने तिचे शब्दसंग्रह केले. त्या शतकाच्या मध्यापूर्वीच ती नाहीशी झाली. हेलिम्स्की यांनी १९९७ मध्ये या संग्रहांच्या आधारे तिचे स्वरूप मोठ्या कौशल्याने उभे केले. तथापि बोलल्या जाणाऱ्या भाषेतील कथनाची घडण केवळ शब्दसूचीतून हाती लागत नाही.

कमासीचे दैव त्या मानाने बरे. फिन्निश भाषापंडित कास्त्रेन १८४७ मध्ये या लोकांत गेला. त्याने सिद्ध केलेली व्याकरणविषयक सामग्री त्याच्या निधनानंतर १८५४ मध्ये प्रकाशित झाली. पुढे काय दोन्नेर याने १९१२ आणि १९१४ मध्ये तेथे जाऊन शब्द व कथा टिपून घेतल्या. त्या वेळी भाषा जाणणारे मोजकेच वृद्ध उरले होते. दोन्नेरची सामग्री योकी यांच्या संपादनाने १९४४ मध्ये कोशरूपाने प्रसिद्ध झाली. भाषा लुप्त झाली असा समज तोवर रूढ झाला होता. कोश हे जणू तिचे स्मारकच ठरले.

१९६३ मध्ये मात्वेयेव यांच्या नेतृत्वाखाली स्थलनामांचा शोध घेणारे एक पथक उरालकडून या भागात आले. कमासी बोलू शकणारी, सत्तरीच्या घरातील प्लोत्निकोव्हा त्यांना आढळली. ज्या भाषेचा शोध कोणी घेत नव्हते, ती गावांच्या व नद्यांच्या नावांचा शोध घेताना सापडली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. पुढील वर्षापासून तार्तू येथील आगो क्युन्नाप यांनी तिच्या भाषणाचे विपुल ध्वनिमुद्रण केले. १९७० मध्ये ती ताल्लिन येथील फिनो-उग्रिक विद्वत्परिषदेसही उपस्थित राहिली.

या ध्वनिमुद्रणांचे मूल्य ठरविताना एक भान ठेवावयास हवे. निवेदिकेशी तिच्या भाषेत बोलणारे कोणी अनेक वर्षे उरले नव्हते. तिच्या वाक्यांवर रशियनचा ठसा स्पष्ट आहे. दोन्नेरच्या संहितेतील कमासी आणि ही कमासी यांतील अंतर हे काही अंशी भाषेच्या स्वाभाविक परिवर्तनाचे, तर काही अंशी एकाकी स्मृतीचे फल आहे. या दोहोंची फोड करण्यासाठी मधल्या पन्नास वर्षांतील अन्य भाषिकांचे पुरावे हवे होते. भाषा मृत मानली गेल्यामुळे ते गोळा करण्यास कोणी गेले नाही, आणि ते भाषिक दरम्यान निघून गेले.

ही ध्वनिमुद्रणे व जुन्या संहिता हाम्बुर्ग विद्यापीठाने २०१९ मध्ये एका संकलित कोशागाराच्या रूपाने अभ्यासकांस उपलब्ध करून दिल्या. त्यामुळे कमासीचे अध्ययन आज दोन्नेरच्या काळापेक्षा सुकर झाले आहे. मात्र जी वर्षे रिकामी गेली ती कोणत्याही संपादनकौशल्याने भरून निघणार नाहीत. भाषेपुढे लोपाचा सन लिहिण्यापूर्वी तिच्या गावी पुन्हा एकदा जाऊन यावे, एवढी सावधगिरी या इतिहासापासून घ्यावयास हवी.