ग्रेनाडाचे चॉकलेट आणि 'उगम' या शब्दाची व्याप्ती

चॉकलेटच्या वेष्टनावर एखाद्या देशाचे किंवा खोऱ्याचे नाव छापलेले असले, म्हणजे बियांचे जन्मस्थान तेवढे कळते. बिया कोठे भाजल्या, कोठे दळल्या व नफा कोणाच्या पदरी पडला, हे त्या नावात येत नाही. या दृष्टीने ग्रेनाडा या कॅरिबियन बेटाचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

१७६३ मध्ये हे बेट फ्रेंचांकडून ब्रिटिशांकडे गेले. तरी कोकोच्या व्यवसायात फ्रेंच शब्द टिकून राहिले. बिया वाळविण्याच्या जागेस तेथे 'बुकाँ' म्हणतात. हा शब्द मूळचा ब्राझीलमधील तुपी भाषेतला. मांस धुरावर वाळविण्याची लाकडी चौकट हा त्याचा जुना अर्थ होय. चाच्यांचे 'बकनीअर' हे इंग्रजी नाव त्यापासूनच निघाले. ग्रेनाडात धुराची जागा उन्हाने घेतली. तेथील बुकाँ म्हणजे इमारतीखालून रुळांवर बाहेर ओढावयाची प्रचंड तबके. पाऊस आला की ती आत ढकलावयाची, आणि ऊन असेतो माणसांनी पायांनी बिया चाळवीत फिरावयाचे. आंबविणे, वाळविणे यांची परिभाषा अशी बेटावर रुजली होती. घरोघरी बिया भाजून, कुटून, मसाला घालून गोळे करीत व ते उकळून 'कोको-टी' पीत. वडीचे चॉकलेट मात्र परदेशातून येई.

याचा दोष उष्ण हवेस देण्याची रीत आहे. कोकोचे लोणी सुमारे ३४ अंश सेल्सिअसला वितळते, हे खरेच. तथापि कच्च्या बियांवर थोडी व तयार मालावर अधिक जकात, हे युरोपीय बाजारांचे जुने धोरण हवामानाहून कमी जबाबदार मानता येणार नाही.

१९९९ मध्ये मॉट ग्रीन (मूळ नाव डेव्हिड फ्रीडमन), डग ब्राउन व एडमंड ब्राउन यांनी सेंट पॅट्रिक परगण्यातील हर्मिटेज येथे 'ग्रेनाडा चॉकलेट कंपनी' काढली. पैकी ग्रीन हे अमेरिकन. आसपासच्या शेतकऱ्यांचा सहकार, दुरुस्त केलेली जुनी यंत्रे आणि सौर वीज यांवर कारखाना उभा राहिला. बी व वडी यांचा उगम एकच झाला. २०१२ मध्ये तर 'त्रेस होम्ब्रेस' या शिडाच्या जहाजाने या वड्या अटलांटिकपार नेल्या. वाटेत चॉकलेट वितळू नये म्हणून सौर शक्तीवरील शीतयंत्र सिद्ध करीत असतानाच, जून २०१३ मध्ये ग्रीन विजेच्या धक्क्याने मरण पावले. कारखाना त्यांच्यामागेही चालू राहिला. बेटावरील बहुतेक बिया मात्र त्यानंतरही पोत्यांतूनच परदेशी जात राहिल्या.