दोन छिद्रांचा इतिहास: क्षयरोगापासून फुफ्फुसाच्या कर्करोगापर्यंत

फुफ्फुसातील गाठ आज तीन-चार सेंटिमीटरच्या छेदातून, पडद्यावरील चित्राकडे पाहत काढता येते. देशातील मोठ्या कर्करोग रुग्णालयांत अशा शस्त्रक्रिया आता होतात आणि बोलताना आपण तिला 'नवे तंत्र' म्हणतो. तिचे मूळ मात्र शंभर वर्षांहून जुने आहे, आणि ते कर्करोगात नसून क्षयरोगात आहे. भारतीय वाचकाने हा धागा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कारण आपल्याकडे तो अद्याप तुटलेला नाही.

क्षयरोगावर औषध नव्हते त्या काळी आजारी फुफ्फुसाला विश्रांती देणे हाच एक उपाय मानला जाई. इटलीच्या कार्लो फोर्लानिनी यांनी त्यासाठी फुफ्फुसाभोवतीच्या पोकळीत सुईने वायू भरून फुफ्फुस मिटवण्याची रीत रूढ केली. अडचण एकच होती. दीर्घ आजाराने अनेकांचे फुफ्फुस छातीच्या भिंतीला ठिकठिकाणी चिकटलेले असे. त्यामुळे वायू भरूनही ते मिटत नसे. स्टॉकहोमचे वैद्य हान्स ख्रिश्चियन याकोबेयस यांनी १९१० साली मूत्राशय तपासण्याची दुर्बीण छातीच्या पोकळीत घालून आत पाहण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे त्यांनी बरगड्यांच्या मधून दोन छिद्रे पाडली. एकातून दुर्बीण घालायची, दुसऱ्यातून विजेने तापवलेली तार. आणि डोळ्यांनी पाहत ते चिकट पदर जाळून तोडायचे. एका वाटेने पाहणे आणि दुसऱ्या वाटेने काम करणे, हे आजच्या शस्त्रक्रियेचे मूलतत्त्व तेव्हाच सिद्ध झाले होते.

भारतातही तो सॅनेटोरियमचा काळ होता. मदनपल्ली, भोवाली, मिरजेजवळची वानलेसवाडी ही नावे त्या पिढीला परिचित होती. मग १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले आणि पाठोपाठ इतर औषधे आली. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या केंद्राने एक साधा आणि निर्णायक प्रयोग केला. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या, गरीब घरांतच औषधे देण्यात आली. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार घरचे उपचारही जवळजवळ तितकेच गुणकारी ठरले, आणि घरातील माणसांचा धोका वाढला नाही. जगभरची सॅनेटोरियमे त्यानंतर ओस पडू लागली. फुफ्फुस मिटवण्याची गरज संपली, तशी छातीतील दुर्बीणही बहुतांश मागे पडली. शत्रू हटला आणि शस्त्र म्यानात गेले.

या काळात कर्करोगाची शस्त्रक्रिया वेगळ्या वाटेने वाढत होती. ५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतील सेंट लुइस येथे एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी कर्करोगग्रस्त फुफ्फुस एकाच शस्त्रक्रियेत संपूर्ण काढले. तो रुग्ण स्वतः डॉक्टर होता आणि पुढे तीस वर्षे जगला. धूम्रपान व फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणाऱ्या १९५० च्या अभ्यासात सहभागी असलेले ग्रॅहम मात्र १९५७ मध्ये त्याच रोगाने गेले. भारतात १९४९ च्या सुमारास रीव्ह बेट्स यांनी वेल्लोरला वक्षशस्त्रक्रियेचा विभाग उभारला. हळूहळू संपूर्ण फुफ्फुसाऐवजी त्याचा रोगग्रस्त खंड तेवढा काढण्याची पद्धत रुळली. परंतु आत शिरण्याची वाट तीच राहिली: पाठीकडून पुढे येणारा लांब छेद, आणि बरगड्या ताणून फाकवणारे पोलादी यंत्र. त्या ताणाने बरगड्यांखालची मज्जातंतूची वाट दुखावते. कित्येकांना जखम भरल्यावरही महिनोन्महिने वेदना राहत. खोकणे नको वाटे, श्वास उथळ होई आणि न्यूमोनियाला वाव मिळे.

म्यानातले शस्त्र पुन्हा बाहेर येण्यासाठी अन्य क्षेत्रांतील शोध जुळून यावे लागले. पंजाबात जन्मलेले नरिंदर सिंग कपानी आणि हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ साली काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा वाहून नेता येते हे दाखवले. काचतंतूंमधून उष्णतेविना प्रखर प्रकाशही शरीरात नेता आला. हॉपकिन्स यांच्याच दंडभिंगांनी दुर्बिणीतील चित्र लख्ख केले. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या प्रकाशसंवेदी चिपमुळे कॅमेरा इतका लहान झाला की तो दुर्बिणीला जोडता आला. स्वीडनच्या एरिक कार्लेन्स यांच्या दुहेरी नळीमुळे भूलतज्ज्ञाला एका फुफ्फुसावर श्वास चालू ठेवून दुसरे शांत ठेवता येऊ लागले. आणि पोटाच्या दुर्बीण शस्त्रक्रियेने शल्यचिकित्सकांचा हात पडद्याकडे पाहून चालायला शिकवला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया १९७२ पासून दुर्बिणीने पोट तपासत होते. १९९० मध्ये त्यांनी तिच्या साहाय्याने पित्ताशय काढले.

पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, मिलान येथे जियानकार्लो रोव्हियारो यांनी कर्करोगग्रस्त फुफ्फुसाचा खंड कॅमेऱ्याच्या साहाय्याने काढला. व्हिडिओच्या साहाय्याने होणारी ही वक्षशस्त्रक्रिया 'व्हॅट्स' या नावाने ओळखली जाते. तिचे खरे वैशिष्ट्य छेदाच्या लांबीत नाही. बरगड्या फाकवल्या जात नाहीत, यात आहे. स्वागत मात्र थंडे झाले. फुफ्फुसाच्या धमनीची भिंत नाजूक असते. ती फाटली तर हात आत कसा घालणार? लसिका ग्रंथी पुरेशा निघतील का? शंका रास्त होत्या आणि उत्तर यायला तीन दशके लागली. ब्रिटनमधील नऊ रुग्णालयांतील ५०३ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. कर्करोग काढण्याच्या पूर्णतेत उणेपणा नव्हता, गुंतागुंत कमी होती, आणि पाच आठवड्यांनंतर व्हॅट्सचे रुग्ण हिंडण्याफिरण्यात सरस होते. त्याच वर्षी जपानच्या ११०६ रुग्णांवरील चाचणीने दाखवले की, दोन सेंटिमीटरपर्यंतच्या, कडेला असलेल्या गाठींसाठी पूर्ण खंडाऐवजी त्याचा एक उपखंड काढणेही पुरते. वाट लहान झाली होती. आता काढायचा भागही लहान झाला.

आता पुन्हा भारताकडे येऊ. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आजही आपल्याकडे आहे. येथील शल्यचिकित्सक कॅमेरा आत घालतो तेव्हा कित्येकदा त्याला तेच दिसते जे याकोबेयस यांना दिसले होते: भिंतीला चिकटलेले फुफ्फुस. शिवाय जुन्या क्षयाने कडक झालेल्या लसिका ग्रंथी धमनीला घट्ट बिलगून असतात. अशा वेळी छाती उघडण्याचा निर्णय हे अपयश मानू नये. तो विवेक आहे.

याहून मोठी अडचण शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर आहे. खोकला, वजन घटणे, थुंकीतून रक्त आणि क्ष-किरण चित्रात सावली ही लक्षणे दोन्ही रोगांची. म्हणून जंतू न सापडताही केवळ अंदाजाने क्षयाची औषधे सुरू होतात, महिने जातात, आणि सावली कर्करोगाची होती हे उशिरा कळते. आपल्याकडील फुफ्फुसाच्या कर्करोगाचे बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेची वेळ टळून गेल्यावरच तज्ज्ञांपर्यंत पोहोचतात. छिद्र कितीही लहान करता आले, तरी ते वेळेत आलेल्याच रुग्णाच्या उपयोगाचे.

म्हणून ज्या देशात क्षय अधिक, तेथे थुंकीत जंतू सापडले नसतील आणि औषधांनी सावली ओसरत नसेल, तर गाठीचा तुकडा तपासण्याचा आग्रह धरणे हाच या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा होय. एका रोगाने घडवलेले हे शस्त्र दुसऱ्या रोगावर चालवायचे, तर आधी दोन रोगांमधला भेद वेळीच ओळखावा लागेल.