पॅरिस - चार दिवस - १८ पौंड १० शिलिंग

गेले तीन आठवडे रोज रात्री जेवणं उरकली की मी एक्सेल उघडून बसते. उन्हाळ्यात लंडनला भाचीकडे जायचं आहे आणि तिथून तीन रात्री पॅरिस. आई आणि मी, दोघीच. लंडनच्या राहण्याचा प्रश्न नाही, पण पॅरिसच्या तीन रात्री काही केल्या आकड्यात बसत नाहीत. शेंगेन व्हिसाचे माणशी ९० युरो तिथे जाण्याआधीच गेले. त्यात १४ जानेवारी २०२६ पासून लूव्रमध्ये युरोपीय लोकांना २२ युरो आणि आपल्यासारख्यांना ३२! आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, म्हणजे मेट्रोचे जिने चढणं-उतरणं नको, टॅक्सीचे पैसे धरायला हवेत. हॉटेल स्वस्तातलं बघितलं तर लिफ्ट नाही, लिफ्ट असलेलं बघितलं तर आमचा घास मोठा होतो.

या वैतागातच मनात आलं, की हे असं आधी बसून "एवढ्यात भागेल का" म्हणून बघणं कधी सुरू झालं असेल? आणि मग नेहमीप्रमाणे हॉटेलं शोधायची सोडून मी इतिहासात शिरले.

सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या सरदार-जमीनदारांची मुलं "ग्रँड टूर"ला निघायची. पॅरिस, मग आल्प्स ओलांडून इटली. वर्ष-दोन वर्षं सहज. ही मुलं आधी हिशेब करत नसत. वडिलांच्या पेढीचं पत्र खिशात असायचं, ते दाखवून गावोगावच्या सावकारांकडून पैसे उचलायचे आणि वडिलांनी मागाहून कपाळाला हात लावायचा. १७७२ मध्ये रॉबर्ट हेरीस नावाच्या बँकरने युरोपातल्या नव्वदेक शहरांत वटतील अशा नोटा काढल्या, प्रवासी चेकांचे पूर्वजच ते. सोय झाली, पण ती ज्यांच्याकडे आधीच पैसा होता त्यांची. बाकीच्यांना प्रवास किती पैशांत होईल हेच माहीत नसे, त्यामुळे तो आपल्याला परवडतो की नाही हा प्रश्नही पडत नसे.

तो प्रश्न विचारता येईल असं ज्याने केलं, तो थॉमस कुक. हा मूळचा सुतारकाम शिकलेला, बॅप्टिस्ट पंथाचा आणि दारूचा कट्टर विरोधक. ५ जुलै १८४१ रोजी त्याने दारूबंदीच्या सभेसाठी पाचेकशे माणसं खास गाडीने लेस्टरहून लफबरोला नेली. माणशी एक शिलिंग. या सहलीच्या गोष्टीत सगळे आगगाडीचं कौतुक करतात, मला कौतुक वाटतं ते त्या "एक शिलिंग"चं. निघायच्या आधी ठरलेला, सगळ्यांना सारखा आणि मध्ये न बदलणारा आकडा.

दहा वर्षांनी, १८५१ मध्ये, लंडनला ते मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं. जोसेफ पॅक्स्टनच्या काचेच्या महालात. दोन-तीन दिवसांची शहर-सहल ही चीज साध्या माणसाच्या आयुष्यात खऱ्या अर्थाने आली ती इथे, असं मला वाटतं. सुरुवातीचे दोन दिवस तिकीट एक पौंड, मग पाच शिलिंग. २६ मेपासून मात्र सोमवार ते गुरुवार एक शिलिंग! शेतमजुराची आठवड्याची मजुरी तेव्हा दहा शिलिंगांच्या आसपास होती, म्हणजे तोही काही फुकटचा मामला नव्हता. पण रेल्वे कंपन्यांच्या चढाओढीत लीड्सहून लंडनला जाऊन-येऊन भाडं पाच शिलिंगांपर्यंत उतरलं. गावोगावी कामगारांनी मंडळं काढली, आठवड्याला थोडे थोडे पेन्स जमा करायचे आणि उन्हाळ्यात लंडन. आपली भिशीच की ही! कुकने एकट्याने त्या वर्षी सुमारे दीड लाख माणसं नेली. मजुरांचा जमाव राजधानीत घुसणार म्हणून बड्या लोकांना धास्ती वाटत होती. प्रत्यक्षात माणसं आली, यंत्रं बघून थक्क झाली आणि शहाण्यासारखी घरी गेली.

मग युरोप. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी कुकने पहिली सहल नेली. ब्रुसेल्स, कोलोन, ऱ्हाईन नदी असं फिरून पॅरिस. त्यात त्याला तोटा झाला. १८६१ मध्ये याच पॅक्स्टनच्या पुढाकाराने दीड हजारांहून जास्त कामगारांना पॅरिसला नेलं, त्यातही तोटा. पण गडी हटला नाही. बाय द वे, त्या कामगारांना लूव्र फुकट होतं, तिकीट आलं ते १९२२ मध्ये. माझे दोघींचे चौसष्ट युरो आठवून मी इथे जरा वेळ गप्प बसले.

१८६३ च्या जूनमध्ये कुकच्या पहिल्या स्वित्झर्लंडच्या सहलीत यॉर्कशरची जेमायमा मॉरेल नावाची तरुणी होती. तिची त्या तीन आठवड्यांची डायरी शंभर वर्षांनी छापली गेली. माणशी एकूण खर्च जवळपास वीस पौंड. हिमनदी, दऱ्या, खेचरं या सगळ्यांच्या बरोबरीने तिला हिशेबही लिहून ठेवावासा वाटला हे मला फार आवडलं. १८६८ मध्ये कुकने हॉटेलची कूपनं काढली. मुक्काम आणि जेवणाचे पैसे घरून निघतानाच भरायचे आणि तिथे फक्त कूपन द्यायचं. परक्या भाषेत घासाघीस नाही, शेवटच्या दिवशी बिल बघून छातीत धस्स होणं नाही. ज्याच्या खिशात मोजकेच पैसे आहेत त्यालाच या निर्धास्तपणाची किंमत कळते.

हाच वसा पुढे अमेरिकेच्या आर्थर फ्रॉमरने घेतला. सैन्यात असताना तो बर्लिनला होता, सुटीत युरोप हिंडायचा. १९५७ मध्ये त्याने "युरोप ऑन ५ डॉलर्स अ डे" हे पुस्तक काढलं. पाच डॉलरमध्ये खोली आणि तीन वेळचं जेवण. स्वतंत्र बाथरूमचा हट्ट सोडा, असा त्याचा सल्ला. महागाई वाढली तसा नावातला आकडाही वाढत गेला. आता हे काम सरकारं करतात. फ्रान्सचा व्हिसा काढताना हॉटेलचं बुकिंग असेल तर दिवसाला ६५ युरो, नसेल तर १२० युरो जवळ असल्याचं दाखवावं लागतं. फ्रॉमर म्हणायचा, एवढ्यात भागेल, या. हे म्हणतात, एवढे नसतील तर येऊ नका. फरक आहे!

इथवर आल्यावर मला मामाची वही आठवली. घरच्या काही मंडळींनी ती पाहिली असेल. मामा गेल्यावर मामीने त्याचे कागद आवरताना मला दिली होती, "तुला जुन्याची आवड" म्हणून.

मामा ऑक्टोबर १९६६ मध्ये इंग्लंडला गेला, बर्मिंगहॅमजवळच्या एका कारखान्यात. परकीय चलनाची टंचाई, त्यामुळे बाहेर जाणाऱ्याच्या हातात सरकारी नियमाने तीन पौंड. त्याच वर्षी ६ जूनला रुपयाचं अवमूल्यन झालेलं. पौंड तेरा रुपये तेहेतीस पैशांवरून एकवीस रुपयांवर. म्हणजे जे तीन पौंड मे महिन्यात चाळीस रुपयांना मिळाले असते, त्यांचे त्रेसष्ट पडले. मामाने हा हिशेब वहीच्या पहिल्याच पानावर केलाय, खाली दोन रेघा ओढून.

गंमत म्हणजे तो पोचला आणि महिन्याभरात खुद्द इंग्रजांवरही तीच पाळी आली. पौंड वाचवायला ब्रिटिश सरकारने परदेशी फिरायला जाणाऱ्यांवर माणशी पन्नास पौंडांची मर्यादा घातली आणि ती १९७० उजाडेपर्यंत टिकली. किती चलन घेतलं ते पासपोर्टाच्या मागच्या पानावर लिहून द्यायचे. आपल्या लोकांना पी फॉर्म, त्यांना हे. कारखान्यात सगळे चिडले होते म्हणे. मामाने वहीत लिहिलंय, "पन्नासाची मर्यादा. काळजी नाही. पन्नास नाहीतच."

मार्च १९६७ च्या पानावर मथळा आहे, "पॅरिस - चार दिवस". खाली रेल्वे व बोट, खोली, जेवण, मेट्रो, आईसाठी काहीतरी, किरकोळ. प्रत्येकापुढे पौंड, शिलिंग, पेन्स अशा तीन रकान्यांत आकडे. काही खोडून कमी केलेले. जेवण तीनदा खोडलंय. बेरीज १८ पौंड १० शिलिंग. आणि त्याखाली वेगळ्या शाईत एकच ओळ. "पुण्यास पाठवले. माईची फी."

माई म्हणजे माझी आई.

एकवीसच्या दराने हे साधारण तीनशे अठ्ठ्याऐंशी रुपये होतात. आईचं कॉलेज त्या वर्षी सुटायच्या बेतात होतं आणि मग सुटलं नाही, एवढं आम्हाला माहीत होतं. पैसे "दादाने पाठवले" हेही माहीत होतं. ते कुठल्या रकान्यातून काढून पाठवले हे आईला कधीच कळलं नव्हतं. मामा १९६९ मध्ये परत आला. पॅरिस त्याने पाहिलं नाही आणि त्याबद्दल कधी काही बोललाही नाही.

बजेट म्हटलं की आपल्याला काटकसर आठवते. मला आता वाटतं, की आकडा समोर असला तरच माणूस ठरवू शकतो, जायचं की नाही, आणि नाही तर कशासाठी नाही. कुकच्या शिलिंगाने लीड्सच्या गिरणी कामगाराला "हो, जमेल" म्हणता आलं. मामाला त्याच्या बेरजेने "नको" म्हणता आलं, तेही आपण काय सोडतोय हे शिलिंगापर्यंत माहीत असताना.

कुकच्या कंपनीची गोष्ट २३ सप्टेंबर २०१९ रोजी संपली. ब्रिटनमधली मूळ कंपनी एका रात्रीत बुडाली आणि परदेशी अडकलेल्या सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवाशांना सरकारने घरी आणलं. १८५१ मध्ये त्याने लंडनला नेले, जवळपास तेवढेच. जन्मभर लोकांना हिशेबाची खात्री विकणाऱ्याच्या नावाची कंपनी शेवटी कर्जात बुडाली, आता काय बोलावं!

असो. काल संध्याकाळी ते पान आईला दाखवलं. दाखवावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले होते. तिने चष्मा लावला, वही दिव्याखाली धरली आणि एकेक रकाना बोट ठेवून वाचला. शेवटच्या ओळीवर बोट बराच वेळ थांबलं. मग पुन्हा वर गेलं.

"मेट्रोचे जरा कमीच धरलेत त्याने," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "ते लूव्रचे बत्तीस तू काढू नकोस हं यादीतून. टॅक्सीचं बघू."